पुरुष प्रजनन संस्थेचं मॉडेल, अप्पा बळवंत चौक: दहावीच्या वर्गावर वापरून झाल्यावर

आधी किंमत सांगते, कारण मुख्याध्यापक तीच आधी विचारतात. २,६५० रुपये, घासाघीस करून, बिल संस्थेच्या नावानं. पुरुषाच्या ओटीपोटाचा मधोमध उभा छेद, खऱ्या मापाचा, पीव्हीसीचा, पांढऱ्या पाटावर बसवलेला, चार भाग सुटे होणारा. माल अंबाल्याचा. शाळांच्या प्रयोगशाळांतलं बरंच सामान हरियाणातल्या त्या एका गावाहूनच येतं, त्यामुळे पुण्यात दुकान कुठलंही गाठा, खोक्यावरचा पत्ता तोच असण्याची शक्यता मोठी.

मी घेतलं ते दुकान अप्पा बळवंत चौकातल्या एका बोळात, जिन्याखाली आहे. नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुरही करायची आहे आणि काका सज्जन आहेत. जूनमध्ये जाऊ नका. पुस्तकांच्या याद्या हातात घेतलेल्या पालकांतून वाट काढून दुकानापर्यंत पोचलात तरी काकांना तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. दिवाळीनंतर गेलं की निवांत.

"काका, पुरुष प्रजनन संस्थेचं मॉडेल आहे का?"

"डोळा दाखवू? किडनीचं नवीन आलंय, उघडतं."

"प्रजनन संस्थेचंच हवंय. पुरुषाचं."

"ते मागवावं लागेल, बाई. स्त्रीचं नेतात एखाददुसऱ्या शाळा, त्यात बाळ असतं ना. पुरुषाचं नेऊन करायचं काय म्हणतात."

मागवलं. सांगितल्यापेक्षा उशिरा आलं, पण आलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी ते खोक्यातून काढलं, एकदा नीट न्याहाळलं आणि टेबल पुसायचं फडकं त्यावर टाकून ठेवलं. मी फडकं काढते, मामा परत टाकतात. हा खेळ अजून चालू आहे.

आता वस्तूबद्दल. याचं खरं मोल एकाच गोष्टीत आहे: रस्ता दिसतो. दहावीच्या पुस्तकातली आकृती समोरून काढलेली असते. त्यात वृषणातून निघालेली शुक्रवाहिनी वर जाते, मूत्राशयाला वळसा घालते आणि परत खाली येऊन मूत्रमार्गाला मिळते. मुलं ती आकृती पाठ करतात, नावं देतात, पाच गुण घेतात. खालून निघून खालीच यायचं तर ही नळी एवढी वर कशाला तडफडली, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण कागदावर सगळंच सपाट असतं. मॉडेल हातात घेऊन एक भाग उचलला की नळी वृषणकोशातून वर चढताना, जांघेतून आत शिरताना, मूत्राशयाच्या मागे जाताना बोटानं चाचपता येते. मूत्रपिंडाकडून आलेली मूत्रवाहिनी खालून जाते आणि शुक्रवाहिनी तिच्यावरून, हेही इथे बरोबर दाखवलंय. आमची एक माजी विद्यार्थिनी सध्या बी. जे. मेडिकलला आहे. ती सहज भेटायला आली होती, तिनं पहिल्यांदा हेच तपासलं आणि "बाई, हे बरोबर केलंय हो," असं जरा आश्चर्यानंच म्हणाली.

रस्ता दिसला की मग प्रश्न येतात, आणि ते चांगले येतात. मधल्या ओळीतल्या एकानं विचारलं, "बाई, क्रिकेट खेळताना बॉल तिथे लागला की पोटात का दुखतं?" वर्ग खिदळला. पण प्रश्न पहिल्या प्रतीचा आहे. वृषणं मुळात तयार होतात पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ. मुलगा आईच्या पोटात असतानाच ती हळूहळू खाली सरकतात आणि शेवटच्या दोनतीन महिन्यांत जांघेतून वृषणकोशात उतरतात. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या, नसा आणि ती नळी सगळं बरोबर ओढत आणतात. माहेर सोडलं तरी फोन तिकडेच लागतो, तसं दुखण्याचा निरोप मूळ जागेकडे जातो. म्हणून मार खाली, कळ पोटात. आणि उलटंही होतं. मूत्रवाहिनीत खडा अडकला की कळ कधीकधी जांघेत, वृषणापर्यंत येते. हे मी सांगितल्यावर दोन मुलांनी "बाबांना झालं होतं" असं एकदम सांगितलं.

डाव्या बाजूचं वृषण बहुतेकांचं थोडं खाली असतं, हेही मुलांना माहीत असतं पण आपल्यात काहीतरी बिघाड आहे असं वाटून ती गप्प बसतात. त्या बाजूच्या शिरा फुगण्याचा त्रासही जास्त आढळतो, कारण डावीकडची शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला जवळपास काटकोनात मिळते. उजवीकडची सरळ पोटातल्या मोठ्या शिरेत जाते. या मॉडेलमध्ये शिरा निळ्या रंगाच्या एका फराट्यात उरकल्या आहेत. मला ते फळ्यावर काढून दाखवावं लागलं.

वृषण मात्र छान केलंय. ते मधोमध उघडतं. आत पडदे, पडद्यांमधले कप्पे आणि कप्प्यांत शुक्रजनन नलिकांची वेटोळी. खऱ्या वृषणात असे दोनअडीचशे कप्पे असतात, इथे मोजून नऊ, पण कल्पना पोचते. मागच्या बाजूला अधिवृषण चिकटलेलं. त्यातली नळी उलगडली तर सहाएक मीटर भरते, म्हणजे आमच्या वर्गाची भिंत. मुलींनी ते फूटपट्टीनं खरंच मोजून पाहिलं. शुक्रपेशी वृषणात तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि पुढे अधिवृषणातून जाताना त्यांना पोहण्याची ताकद येते. हे सांगितलं की लांबीचा अर्थ लागतो, नाहीतर तो नुसता आकडा.

आता कुरकुर. वीर्यातला द्रव बनवणाऱ्या दोन ग्रंथी, शुक्राशय आणि प्रोस्टेट (पुस्तकातली पुरःस्थ ग्रंथी), एकाच तपकिरी रंगात रंगवल्या आहेत. रंगवणाऱ्याकडे तेवढाच डबा उरला असावा. मागच्या बाकावरून तर ते एकच काहीतरी वाटतं. आमच्या मुलींनी नेलपेंट आणून शुक्राशय गुलाबी केलं, आता शोधावं लागत नाही. स्खलनवाहिनी, म्हणजे शुक्रवाहिनीचा मूत्रमार्गाला मिळणारा शेवटचा तुकडा, जेमतेम दोन सेंटीमीटरची असते, प्रोस्टेटच्या आतून जाते, ती इथे वरून ओढलेली एक रेघ आहे. प्रोस्टेटच्या खालची छोटी काऊपर्स ग्रंथी म्हणजे एक ठिपका, तोही एका बाजूनं खरवडलेला. आकडे चिकटवलेत त्यांची यादी फक्त इंग्रजीत येते. मराठी माध्यमवाल्यांनी आपली यादी करून लॅमिनेट करावी.

रंगाचा घोळ मला एवढा खटकला त्याला कारण आहे. वीर्य म्हणजे सगळ्या शुक्रपेशीच, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास भाग शुक्राशयातून येतो, त्यात फ्रुक्टोज ही साखर असते, शुक्रपेशींची शिदोरी. पाव भाग प्रोस्टेटचा. शुक्रपेशींचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत. दोन ग्रंथी दोन रंगांत दिसल्या तर हे डोळ्यांना पटतं. आणि ते पटणं आपल्या पुण्यात फार गरजेचं आहे. स्टेशनकडे जाताना भिंतींवर 'धातू जाणे', 'दुर्बलता', 'खात्रीशीर इलाज' हे रंगवलेलं वाचतच ही मुलं मोठी होतात. रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब होतो, ही गोष्ट कुणाच्या तरी काकानं सांगितलेली असतेच. मी सरळ मॉडेलवर बोट ठेवून सांगते: ही ग्रंथी पाझरते, ही पाझरते, यात रक्त आटवायची भट्टी कुठे दिसते का बघा. झोपेत वीर्य बाहेर पडलं तर काहीही कमी होत नाही, वयात आल्याचं ते लक्षण आहे, त्यासाठी तंबूतल्या वैदूला हजार रुपये द्यायचे नाहीत. हे वाक्य झालं की वर्गात जी शांतता पसरते ती सुटकेची असते, हे अनुभवी शिक्षकांना सांगायला नको.

नसबंदीचा प्रश्नही इथेच सुटतो. एका मुलीनं विचारलं, "नळी कापली तर मग ते साठून फुटत नाही का?" शुक्रपेशी तयार होतच राहतात, शरीर त्यांना मोडून शोषून घेतं. टेस्टोस्टेरॉन नळीतून जातच नाही, ते रक्तात जातं, त्यामुळे आवाज, दाढी, ताकद जिथल्या तिथे. नळीत पुढे राहिलेल्या शुक्रपेशी निघून जाईपर्यंत सुमारे तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि मग तपासणी. मॉडेलवर कापायची जागा दाखवता येते: वृषणकोशातच, वरच्या बाजूला, कातडीखाली. पोट उघडायचं काही कामच नाही. घरोघरी ऑपरेशन बाईनंच का करायचं, हा प्रश्न मुलींनी आपापसात सुरू केला. मी मध्ये पडले नाही.

"लघवी आणि वीर्य एकाच वाटेनं, मग मिसळत नाही का?" हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. वीर्यपतनाच्या वेळी मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळला जातो, वाट एका वेळी एकालाच. मॉडेलमध्ये ते तोंड सुबक दाखवलंय. प्रोस्टेट मूत्रमार्गाला सगळीकडून वेढून असते हेही, त्यामुळे उतारवयात ती वाढून मार्ग दाबते तेव्हा आजोबा रात्री तीनतीनदा का उठतात ते वेगळं शिकवावं लागत नाही. शिश्नात हाड नसतं, स्पंजी ऊतीत रक्त भरून ताठरपणा येतो, हेही छेदात कळतं. कुत्र्याला मात्र हाड असतं. हे सांगू नका, तास हातातून जातो.

या मॉडेलला हलता येत नाही, ही त्याची मोठी मर्यादा. वृषणं शरीराबाहेर का, तर शुक्रपेशी तयार व्हायला शरीरापेक्षा दोनतीन अंश कमी तापमान लागतं. म्हणून थंडीत वृषणकोश आकसून वर येतो, उन्हाळ्यात सैल पडतो. कडक पीव्हीसीमध्ये यातलं काय दिसणार? "मग हत्तीचं कुठे असतं?" असं एकानं विचारलं. हत्तीची पोटातच असतात आणि तरी त्याचं उत्तम चालतं. नियम माणसाचा, सगळ्या सस्तन प्राण्यांना सरसकट लावायचा नाही.

आणि एक गंमत. वृषण ज्या खुंटीवर बसवलंय ती सैल आहे. हात लावला की ते गोल फिरतं. मी तक्रार करायला निघाले होते, पण वर्गावर त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. खरोखरच्या शरीरातही वृषण आपल्या दोरीभोवती, म्हणजे त्या रक्तवाहिन्या, नसा आणि नळीच्या जुडीभोवती, पिळलं जाऊ शकतं. रक्तपुरवठा बंद पडतो. हे होतं प्रामुख्यानं बारा ते अठरा या वयात, म्हणजे नेमकं माझ्या समोर बसलेल्या पोरांना. एका बाजूला अचानक असह्य कळ, बऱ्याचदा मळमळ, उलटी. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, उशीर झाला तर काढावं लागतं. आणि मुलं लाजेपायी सकाळपर्यंत थांबतात. आईला काय सांगायचं म्हणून 'पोट दुखतंय' म्हणतात, आई ओव्याचा अर्क देते. मी खुंटीवरचं वृषण दोनदा फिरवून दाखवलं, वर बांधलेला सुतळीचा तुकडा पिळला गेला, आणि सांगितलं: रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवायचं, शब्द जो सुचेल तो वापरायचा, जागा बोटानं दाखवायची, थेट इस्पितळात. हे मात्र कुणीही हसून घेतलं नाही. आता खुंटी घट्ट करून घेणार नाही.

मुलामुलींना वेगवेगळं बसवून शिकवा, असा सल्ला स्टाफरूममध्ये मिळाला होता. मी एकत्रच घेतलं. पहिली दहा मिनिटं वाया जातात, तेवढी धरूनच चालायचं.

ऑनलाइन याच्या निम्म्या किमतीत लहान मॉडेल मिळतं. एका सहकारी शिक्षिकेकडे आहे. त्यात वृषण उघडत नाही, त्यामुळे शेवटी पुस्तकातली आकृतीच प्लॅस्टिकमध्ये घेतल्यासारखं होतं. भिंतीवर टांगायचा उठावाचा फळाही दुकानात दाखवतील, तो घेऊ नका. घेताना प्रत्येक सुटा भाग काढून परत बसवून बघा. आमच्या पाटाला तडा होता, तो काकांनी बिनतक्रार बदलून दिला. खोकं टाकू नका, दुरुस्तीला पाठवायचं झालं तर तेच लागतं.

बरोबर वृषणाच्या आडव्या छेदाची कायमस्वरूपी स्लाइडही घ्या, १२० रुपये. चारशेपट मोठं करून पाहिलं की शुक्रजनन नलिकांचे गोल, मध्ये आत झुकलेल्या शुक्रपेशींच्या शेपट्या आणि गोलांच्या फटीतल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी दिसतात. मॉडेल जिथे थांबतं तिथून ही पुढे नेते. फक्त जुन्या साठ्यातल्या स्लाइडचा रंग उडालेला असतो, म्हणून पैसे देण्याआधी ती दाराशी उजेडात धरून बघा. काकांच्या गल्ल्यात भिंग असतं, मागितलं तर देतात.