दोन हिवाळे वापरलेले वॉटरप्रूफ हातमोजे

माझी पहाटेची पाळी असते. साडेपाचला मोटारसायकल काढायची, पाऊण तास चालवायची आणि पोचल्या पोचल्या हातांचंच काम. त्यात माझी बोटं मुळातच थंडीला भित्री. जरा गारठा लागला की टोकं मेणासारखी पांढरी पडतात, मग मुंग्या येतात, मग ठणका. म्हणून हातमोज्यांच्या बाबतीत मी फार किचकट गिऱ्हाईक आहे. ही माझी तिसरी जोडी. हिला दोन हिवाळे झाले, आता लिहायला हरकत नाही.

पण आधी दुसऱ्या जोडीबद्दल, कारण अक्कल आली ती तिच्यामुळे. दुकानातली सगळ्यात जाड जोडी मी उचलली होती. बोटं आत ठासून बसत होती. ‘वापरून सैल होतील’ असं विक्रेत्यानं सांगितलं आणि मलाही ते पटवूनच घ्यायचं होतं. झालं भलतंच. ऊब धरून ठेवते ती अस्तरात अडकलेली हवा. अस्तर दाबलं गेलं की हवा जाते आणि आवळलेल्या बोटांत रक्तही नीट खेळत नाही. विसाव्या मिनिटाला माझी बोटं ब्रेकच्या लिव्हरवर आहेत की नाहीत, हे खाली बघून ठरवावं लागायचं. एका सिग्नलला ब्रेक हवा त्यापेक्षा जोरात दाबला गेला, पुढचं चाक किंचित सरकलं आणि पोटात गोळा आला. त्या दिवसानंतर ती जोडी बागकामाला गेली.

थंडीपेक्षा वारा जास्त छळतो हे मोटारसायकलवाल्यांना सांगायला नको, पण आकडा बघितला तेव्हा मीही चपापले. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानं हिशेब केला, तर तापमान शून्य अंश आणि वारा ताशी ६० किलोमीटर असताना उघड्या कातडीला ते उणे ९ अंशांसारखं लागतं. आणि हँडलवरचे हात म्हणजे सगळ्यात पुढे उभे केलेले पहारेकरी.

आताची जोडी लांब कफाची आहे. तळव्याला बकऱ्याचं कातडं, वरच्या बाजूला जाड कापड. थिन्सुलेट या बारीक कृत्रिम तंतूंच्या उबदार भरणीचं अस्तर वरच्या बाजूला चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, तळव्याला त्याच्या निम्मं. ही विभागणी मला सगळ्यात आवडली. वारा लागतो तो हाताच्या पाठीला, तळव्याला थ्रॉटलचा आणि लिव्हरचा अंदाज लागायला हवा. शिवाय माझ्या गाडीला गरम होणाऱ्या मुठी आहेत, त्यांची धग पातळ तळव्यातून आत येते. तळवा जाड असता तर ती मूठ मी फक्त हातमोज्याला शेकायला वापरली असती.

पाण्याचं काय? आत गोर-टेक्सचा पापुद्रा आहे. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. तरीही पहिल्याच मोठ्या पावसात आतून ओले! मी चिडून परत करायला निघाले होते. पण आधी घरी बादलीत पाणी घेतलं, आत कागदी रुमाल धरून हातमोजा घातला आणि कफाच्या खालपर्यंत हात दहा मिनिटं बुडवून बसले. घरच्यांनी काय चाललंय विचारलं, उत्तर दिलं नाही. रुमाल कोरडा निघाला.

म्हणजे पाणी वरून येत होतं. कफ मी जॅकेटच्या बाहीवर चढवत होते, बाहीवरून ओघळलेलं पाणी थेट त्या नरसाळ्यात. आता कफ बाहीच्या आत असतो आणि हात कोरडे राहतात. हे माझ्या गाडीवर, जिथे मनगट कोपरापेक्षा खाली असतं. हँडल उंच असेल तर पाणी बोटांकडून कोपराकडे उतरतं, तिथे कफ बाहेरच बरा. म्हणून हातमोजे बघायला जाताना जॅकेट घालून जा. बाहीत कफ मावतच नाही, हे घरी येऊन कळण्यात मजा नाही.

तिथेच अस्तराच्या टोकाला चिमटीत धरून हलकेच ओढूनही बघा. घामट हात बाहेर काढताना बोटांचं अस्तर उलटं होऊन हाताबरोबर येतं, आणि एकदा आलं की ते परत जागेवर बसवणं म्हणजे सुईत दोरखंड ओवणं. माझ्या या जोडीत ते टोकाला चिकटवलेलं आहे. मग हँडल धरल्यासारखी मूठ वळून बघा. बोटांच्या टोकाशी थोडी मोकळी जागा हवी, पण तळव्यात सुरकुत्यांचा ढीग नको.

आतल्या लेबलवर मोटारसायकलचं चित्र आणि ‘ईएन १३५९४’, म्हणजे मोटारसायकलच्या हातमोज्यांचं युरोपीय मानक, असतं. माझ्या जोडीवर ‘१केपी’ आहे, म्हणजे पहिली पातळी आणि बोटांच्या मुठीवरच्या सांध्यांचं संरक्षण तपासलेलं. बर्फावर घसरायचे हातमोजे उबदार असतात हे खरं, पण रस्त्यावर घासले तर त्यांचा उपयोग शून्य. मनगटाचा पट्टा आवळून दुसऱ्याला हातमोजा ओढायला सांगा. निघाला तर घेऊ नका.

आता तक्रारी. तास-दीड तासाच्या संततधारेत बाहेरचं कातडं पाणी पितं आणि जड होतं. आत थेंब नसतो, पण ते ओलं वजन हात गारठवतं. पाणी झटकणारा फवारा मारला की सुधारतं, पण तो दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मारावा लागतो. डाव्या तर्जनीवर व्हायझर, म्हणजे हेल्मेटची काच, पुसायची रबरी पट्टी आहे, उजवा हात थ्रॉटलवर अडकलेला असल्यामुळे ती डावीकडेच हवी. पहिल्या वर्षी फार कामाची होती, दुसऱ्या वर्षी तिचा अर्धा भाग सुटला. फोन चालवायचं बोट ओलं झालं की नुसतं शोभेचं.

आणि वाळणं! एकदा आतून दमट झाले की दीड दिवस. हीटरवर ठेवायचे नाहीत, कातडं ताठरतं आणि आतला गोंद सुटतो. मी वर्तमानपत्राचे बोळे कोंबते, दोनदा बदलते.

शून्याच्या आसपास अजूनही चाळीस मिनिटांनी डावी करंगळी बधिर होते. अंगात एक जास्तीची बंडी आणि गळ्याला पट्टी चढवली की पाच-सात मिनिटं उशिरा होते, कारण धड गारठलं की शरीर आधी हातांचं रक्त कमी करतं. गरम होणारे विजेचे हातमोजे घ्या असं सगळे सांगतात. मला वायर नको आणि रोज बॅटरी चार्ज करणंही नको. याच मापाची, हीच जोडी आणखी एक मागवली आहे. एक वाळत असेल तेव्हा दुसरी.