टेनिसचा पॅक घेण्याआधी वाचा: खेळ पाच स्टार, दाखवणं अडीच

चॅनलचं नाव घेत नाही, उगीच भांडण नको. पण बेळगाव, खानापूर, निपाणी साईडला टेनिस बघणारी थोडी का असेना माणसं आहेत, आणि केबलवाल्या आण्णाला विचारलं तर तो "क्रिकेट लागतंय की, अजून काय पायजे" म्हणून फोन ठेवतो, म्हणून लिहितोय. मी केबलवर स्पोर्ट्सचा पॅक आणि वर मोबाईलला ॲप असं दोन्ही घेतलंय.

आधी चांगलं. पिक्चर एकदम क्लिअर, पॅरिसच्या लाल मातीवर बॉलचा ठसा दिसतो आणि अंपायर खुर्चीतून उतरून तो बघायला येतो ते तर मस्तच (विम्बल्डननं 2025 पासून लाईनवर उभं राहून बॉल आत की बाहेर सांगणारी माणसं काढून मशीन लावलं, अचूक असेल, पण मजा गेली).

आता राग. चेंजओव्हर, म्हणजे बाजू बदलताना खेळाडू खुर्चीवर बसतात तो ब्रेक, नव्वद सेकंदांचा असतो, त्यात जाहिराती येणार, पैसे त्यातूनच मिळतात हे कळतंय, पण परत येईपर्यंत पुढच्या गेमचा पहिला पॉइंट अर्धा झालेला असतो, कधी संपलेलाच. आणि खरं टेनिस त्या खुर्चीवरच असतंय हो! 2025 ची फ्रेंच ओपन फायनल घ्या, सिनर दोन सेट वर, चौथ्या सेटला 5-3, अल्काराझच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे सिनरला तीन चॅम्पियनशिप पॉइंट, एक जरी जिंकला तरी कप त्याचा, तिन्ही गेले, 5-4 झालं आणि चेंजओव्हर आला. आता सिनरला उठून मॅचसाठी सर्व्ह करायचीय. त्या वेळी त्याचं तोंड बघायचं, त्याच्या बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या माणसांच्या जागेवर, कोच केहिल काय खुणा करतोय ते बघायचं (आता मॅच चालू असताना कोचिंगला परवानगी पण आहे), की गुटख्यासारख्या इलायचीची जाहिरात बघायची? पुढं तो ब्रेक झाला, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचाच गेम हरला, आणि मॅच 5 तास 29 मिनिटं चालली, आपल्याकडं रात्रीचे बारा वाजून गेले, आई आतनं ओरडूलाली, "अजून खेळूलालेत काय रे?"

दुसरं म्हणजे कॅमेरा. सगळी मॅच वरनं दाखवतात, त्यामुळं टॉपस्पिनचा, म्हणजे पुढं फिरकी दिलेला, बॉल टप्पा पडून खांद्याएवढा उडतो ते कळतच नाही, सगळं कॅरम बोर्डासारखं सपाट दिसतं. रशियाचा मेदवेदेव रिटर्नला, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस परतवायला, इतका मागं उभा राहतो की कधी कधी फ्रेममध्येच नसतो. पुण्यात बालेवाडीला 2023 पर्यंत एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या जागतिक टूरची, स्पर्धा व्हायची, ज्यांनी तिथं खाली बसून बघितलंय त्यांना विचारा, टीव्हीवरचा सर्व्ह आणि तो सर्व्ह वेगळाच खेळ वाटतो. मध्ये मध्ये खालच्या कॅमेऱ्यातनं दोन गेम दाखवले तर काय बिघडतंय?

डबल्सचं तर विचारूच नका. आपल्या कर्नाटकातला, कोडगूचा बोपण्णा 43 व्या वर्षी 2024 ची ऑस्ट्रेलियन ओपन डबल्स एबडेनबरोबर जिंकतो, आणि एरवी डबल्स बघायची तर ॲपमध्ये घुसून कोर्ट नंबर शोधा. त्याच स्पर्धेत सिंगल्सला आपल्या सुमित नागलनं 31 व्या सीडेड (मानांकित) बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. असल्या मॅचेस लांबच्या कोर्टवरच होतात, म्हणून ॲप पाहिजेच. त्यात प्रत्येक कोर्ट वेगळं लागतं, कॉमेंट्री बंद करून नुसता कोर्टचा आवाज ठेवता येतो, एवढ्यासाठीच अर्धा स्टार जास्त. आयपीएलला मराठी पण कन्नड पण कॉमेंट्री मिळते, इथं माझ्या पॅकमध्ये इंग्लिश नाहीतर हिंदी, आणि हिंदीवाले पॉइंट चालू असताना पण गप्प बसत नाहीत.

ॲपचा तोटा एकच, टीव्हीपेक्षा मागं चालतं. स्कोअरचं नोटिफिकेशन आधी बंद करा, नाहीतर मॅच पॉइंट बघायच्या आधीच निकाल हातात. पण जून-जुलैत इकडं पाऊस लागला की करंट जातोच, टीव्ही बंद, तेव्हा मोबाईलच कामाला येतो.

टायमिंग सांगून ठेवतो, फायनल आपल्या घड्याळानं ऑस्ट्रेलियन दुपारी दोनला, फ्रेंच संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, विम्बल्डन 2025 ला साडेआठला होती, यूएस रात्री साडेअकरानंतर, म्हणजे सोमवारी ऑफिसला लेट.

वर्षाचं पॅक घेऊ नका. महिन्याचं मिळत असेल तर जानेवारी, मेअखेर ते जुलैमध्य आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबर एवढंच घ्या, आणि केबल-ॲपपैकी एकच परवडत असेल तर डोळे झाकून ॲप.