मॉरिशसला सामान मागवताय? माझे 38,140 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधीच सांगते, मी अडाणी नाही. सहा वर्षं मॉरिशसमध्ये, क्वात्र बोर्नला राहते, घरचा सगळा हिशोब मीच बघते. तरी 38,140 मॉरिशियन रुपये घालवून बसले. नवऱ्याला सांगायलाच दोन दिवस लागले.

गणपतीसाठी पुण्याहून सागवानी मखर, समया आणि दोन पैठण्या मागवल्या होत्या. किंमत, भाडं, विमा धरून 40,000. चार दिवसांनी फोन आला. "ताई, पोर्ट लुईच्या कस्टममधून तुमचं सामान मीच सोडवतोय. मीपण मराठीच." इथले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, बोलताना क्रिओल बोलतात. हा अगदी पुण्याचं मराठी बोलत होता. कुठून बोलतोस, एवढं तरी विचारायचं होतं! पण पार्सलचा नंबर त्याने बरोबर सांगितला. सांगणारच, पावतीचा फोटो मीच हौसेने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. असले फोटो कुठेही टाकू नका.

मग कागद आला. ड्युटी 20 टक्के, 8,000. दोन्ही मिळून 48,000 वर व्हॅट 18 टक्के, 8,640. अठरा! मॉरिशसमध्ये व्हॅट 15 टक्के आहे. दर आठवड्याला सुपरमार्केटच्या बिलावर मी तो बघते. 18 हा तर भारतातल्या जीएसटीचा आकडा. मी बेरीज तपासली, 16,640 बरोबर आली, आणि पैसे पाठवले. बेरीज तपासली, टक्का नाही. रात्री अजून तोच कागद डोळ्यांसमोर येतो.

पुढे "तपासणी फी" 9,500. चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, म्हणून "आजच भरा, नाहीतर अडकेल". मग 12,000, भारत-मॉरिशस व्यापार करारातली करसवलत मिळवायला उगम प्रमाणपत्र, म्हणजे माल भारतातच बनल्याचा दाखला, म्हणून. करार खरा आहे, 1 एप्रिल 2021 पासून लागू. पण ते प्रमाणपत्र माल पाठवणाऱ्याने भारतातच काढायचं असतं, पोर्ट लुईत कोणी विकत नाही. हे मला नंतर कळलं. तुम्ही दुकानदाराला आधीच विचारा. आणि कस्टम मॉरिशस रेव्हेन्यू अथॉरिटीकडे आहे, सरकारी कर कुणा माणसाच्या खात्यात भरायचा नसतो. माझे तिन्ही वेळचे पैसे एका बाईच्या खात्यात गेले.

बँक म्हणते, तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. अहो, खातं तुमच्याच बँकेतलं, अर्ध्या तासात मी तुमच्यासमोर उभी होते, गोठवता आलं नसतं? पोलिसांनी बँकेचं पत्र मागितलं. बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा. चार फेऱ्या, दोन रजा, आणि वर एक साहेब विचारतो, "मॅडम, एवढं शिकलेल्या असून?" शिकलेल्याला फसवलं की तो गुन्हा होत नाही का?

मखर चतुर्थीनंतर पाच दिवसांनी आलं. त्याचा खरा कर वेगळा भरला. त्या माणसाचा नंबर कालपर्यंत चालू होता.