साच्यासाठी दिलेला स्टँड परत आला, पण तो आमचा नव्हता

जुन्या स्पीकरचे मूळ धातूचे स्टँड ज्यांच्याकडे आहेत आणि त्यांची हुबेहूब नक्कल करून घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे लोक आपल्याला माहीत असतात, त्यांच्यापासून आपण सावध असतो. माझ्या बाबतीत तसं काहीच झालं नाही. काम झालं, बोललेल्या वेळेच्या आसपास झालं, स्टँड घरपोच आला, उरलेले पैसे मी हसतमुखाने दिले. चोरी त्याच टेम्पोतून घरात आली होती.

बाबांकडे बोस ९०१ स्पीकरची जोडी आहे. कुवेतला नोकरीत असताना, ८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती घेतली आणि सुट्टीवर येताना जहाजाने मुंबईला आणली. स्टँडसाठी एवढा जीव का टाकायचा हे कळण्यासाठी या स्पीकरबद्दल थोडं सांगायला हवं. अमर बोस हे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. अमर बोस यांनी १९६४ मध्ये कंपनी काढली आणि १९६८ मध्ये ९०१ बाजारात आणला. पुढे वेगवेगळ्या सिरीजमधून तो २०१६ पर्यंत विकला जात होता. एका पेटीत साडेचार इंचांचे नऊ ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, असतात. त्यातला एकच आपल्याकडे तोंड करून असतो, बाकीचे आठ मागच्या भिंतीकडे. म्हणजे आपण ऐकतो तो बहुतेक आवाज भिंतीवर आपटून आलेला. सोबतचा इक्वलायझर (खर्ज-तीव्र आवाजाचा तोल सांभाळणारं यंत्र) जोडला नाही तर स्पीकर अगदी निर्जीव वाजतो, आणि पेटी भिंतीपासून साधारण फूटभर पुढे, जमिनीपासून वर उचललेली नसेल तरीही त्याची मजा जाते. जमिनीवर ठेवा, खर्ज घुमायला लागतो. पुस्तकांच्या कपाटात कोंबा, मागचे आठ ड्रायव्हर कोंडले जातात. माझ्या ओळखीच्या दोघांनी हा स्पीकर ‘काही खास नाही’ म्हणून विकला. दोघांनीही तो शोकेसमध्ये ठेवलेला होता.

त्यामुळे या स्पीकरचा स्टँड ही शोभेची वस्तू नाही. खाली पसरट गोल बूड, मधे निमुळता होत जाणारा एकच दांडा, वर पेटीला बोल्टने जोडायची चौफुली. हौशी लोक त्याला ट्यूलिप स्टँड म्हणतात. पेटीचं वजन पंधरा-सोळा किलो, ते सगळं एका दांड्यावर. आमच्या जोडीपैकी एकाची चौफुली घर बदलताना तुटली. दुसरा शाबूत होता. मूळ स्टँड जुन्या बाजारात क्वचित मिळतात आणि मिळाले तर भाव ऐकून माणूस फोन ठेवतो. म्हणून एक नक्कल करून घ्यायचं ठरलं. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना दोन्ही स्पीकर पुन्हा आपापल्या जागी उभे असलेले पाहायचे होते.

जुनी ऑडिओ यंत्रं हाताळणाऱ्या एकाने पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारागिराचं नाव दिलं. त्याने आधी केलेल्या कामांचे फोटो पाठवले. शेड पाहून आले. लेथ होतं, वेल्डिंग होतं, ओतकाम शेजारच्या फाउंड्रीतून करून घेतो म्हणाला. ११,००० रुपये ठरले, निम्मे आगाऊ. मी मोडका स्टँड सोबत नेला होता, कारण बूड आणि दांडा त्यातही पूर्ण होता. त्याने तो हातात घेऊन फिरवला आणि बाजूला ठेवला.

“ताई, मोडक्यावरून साचा होत नाही. चांगला पीस द्या. वाळूत त्याचाच ठसा घेतो, एक सूत इकडचं तिकडे होणार नाही.”

मी शाबूत स्टँड नेऊन दिला. त्याने मोबाइलवर ‘ओरिजिनल पीस मिळाला’ असा मेसेज पाठवला. तो एक मेसेज पुढे माझ्या फार कामाला आला.

काम झाल्यावर दोन स्टँड एकत्र घरी आले, बबलरॅपमध्ये नीट गुंडाळलेले. दोन्हींना एकसारखा नवा काळा रंग. मी विचारलं, जुन्याला का रंगवलंत? तर म्हणाला, “जोडी एकसारखी दिसायला नको का? काकांसाठी म्हणून तुमच्या ओरिजिनललाही पावडर कोटिंग करून दिलं, त्याचे पैसे नकोत.” बाबांनी त्याला चहा पाजला.

या फुकटच्या रंगाकडे सगळ्यांनी नीट लक्ष द्यावं. जुन्या वस्तूची ओळख तिच्या पृष्ठभागावर असते: ओरखडे, उडालेला रंग, गंजाचे ठिपके, बोल्ट आवळून आवळून चकाकलेली जागा. तो पृष्ठभाग एकदा झाकला की मालकालाही वस्तू ओळखता येत नाही. न विचारता, न मागता कुणी तुमच्या मूळ वस्तूवर नवा रंग चढवून देत असेल तर तो उपकार नव्हे.

आधी खटकलं ते बोल्टमुळे. आमच्या पेटीच्या बुडात इंची आटे आहेत, जुने बोल्टही तेच. चौफुलीची भोकं मात्र जुळेनात, थोडी आतल्या बाजूला सरकलेली वाटत होती. ‘ओरिजिनल’ म्हणून परत आलेल्या स्टँडचीही तीच गत. त्याला फोन केला तर म्हणाला रंगाचा थर बसलाय, कानशीने घासून घ्या.

माझा मावसभाऊ कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर आहे. फाउंड्रीत ओतकामासाठी जे लाकडी नमुने लागतात, ते बनवणं हे त्याचं काम. तो घरी आला तेव्हा सहज दाखवलं. त्याने माळ्यावरचा मोडका स्टँड काढायला लावला, तो उलटा करून त्याच्या बुडावर ‘ओरिजिनल’चं बूड ठेवलं. चहूबाजूंनी सारखीच, दोन-अडीच मिलिमीटरची कड उघडी राहिली. मग नवीन स्टँडचं बूड ठेवलं. तीच कड, तेवढीच.

त्याने जे समजावलं ते मी इथे जसंच्या तसं देते, कारण माझ्या मते हे प्रत्येकाला माहीत हवं. वितळलेला धातू साच्यात थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम मीटरमागे साधारण १३ मिलिमीटर, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साधारण १०. म्हणून पॅटर्नमेकर नमुना नेहमी तेवढा मोठा बनवतो. त्यांच्याकडे त्यासाठी आकसण धरून आखलेल्या खास पट्ट्याच असतात. मूळ वस्तूच वाळूत दाबून ठसा घेतला तर ओतून निघणारी नक्कल मूळ वस्तूपेक्षा लहान निघणार. हे टळत नाही. आमच्या घरात आलेले दोन्ही स्टँड सारखेच लहान होते, म्हणजे दोन्ही एकाच ठशाची पोरं. आमचा स्टँड त्याच्याकडेच राहिला होता.

पुढे भावाने थिनरमध्ये फडकं बुडवून बुडाच्या आतल्या बाजूला चोळलं. फडकं काळं झालं. नीट भाजलेलं पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीच्या रूपात लावलेला रंग, असं हाताशी निघत नाही. ते भट्टीत १८० ते २०० अंशांवर पक्कं केलेलं असतं. हा साधा स्प्रेचा रंग होता. भट्टीत का घातलं नसेल तेही रंग निघाल्यावर दिसलं. ओतकामात हवेची भोकं राहिली होती आणि ती गाड्यांच्या पत्र्याला भरतात त्या लांबीने (पुटीने) बुजवलेली होती. तेवढ्या उष्णतेत लांबी टिकत नाही, फुगते, फोड येतात. दांडा जिथे बुडाला मिळतो, नेमक्या तिथे सर्वांत मोठं भोक होतं. त्यावर सोळा किलोची पेटी ठेवायची होती, आणि घरात माझी चार वर्षांची भाची जमिनीवर खेळत असते. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आला.

कारागिराला मोजमापांचे फोटो पाठवले. तो म्हणाला, “तुमचा होता तोच दिलाय. तुमचाच होता याला पुरावा काय?” नंतर फोन उचलणं बंद. पोलीस चौकीत पहिल्यांदा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं सांगून परत पाठवलं. काम निकृष्ट झालं एवढीच तक्रार असती तर तसं म्हणता आलं असतं. पण विश्वासाने सोपवलेली वस्तू परत न देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारीपात्र न्यासभंग आहे आणि फसवणूक कलम ३१८ खाली येते. हे लिहून, ‘ओरिजिनल पीस मिळाला’ या मेसेजची छापील प्रत जोडून लेखी अर्ज दिला, तेव्हा तो घेतला गेला आणि पोच मिळाली. कुणी तोंडी वाटेला लावत असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. निकृष्ट कामासाठी वेगळी तक्रार ग्राहक आयोगाकडे केली आहे. कामासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. दोन्ही प्रकरणं अजून चालू आहेत.

आता कुणाला असे स्टँड करून घ्यायचे असतील तर माझं कळकळीचं सांगणं आहे: मूळ वस्तू कारागिराच्या ताब्यात ठेवायची गरजच नसते. अचूक नकलेसाठी आकसण धरून मोठा नमुना लागतो, आणि तो मोजमापांवरून बनतो. बुडाचा आणि दांड्याचा कडेचा आकार जाड पुठ्ठ्यावर काढून घ्या, व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) मापं घ्या, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं लिहा. जवळ थ्रीडी स्कॅन करून देणारं कुणी असेल तर उत्तमच. जो माणूस ‘ओरिजिनल द्या, त्याचाच ठसा घेतो, तंतोतंत माप येईल’ म्हणतो, त्याला एक तर ओतकाम कळत नाही किंवा त्याला तुमची वस्तू हवी आहे. दोन्ही प्रकारांत त्याला काम देऊ नये. समोर धरून पाहायला हवीच असेल तर आपण तिथे थांबावं आणि सोबत घेऊन यावी. वाळूत ठसा घ्यायलाही दिवस लागत नाही.

द्यावीच लागली तर वजन करा, पट्टी शेजारी ठेवून खालच्या बाजूचे फोटो काढा, न दिसणाऱ्या जागी पंच मारून खूण करा आणि पावतीवर वस्तूचं वर्णन, वजन, खूण लिहून सही घ्या. ‘रंग लावायचा नाही’ हेही त्याच पावतीवर लिहा. नवा माल ताब्यात घेताना थिनरचं फडकं सोबत ठेवा. रंगवण्याआधी कच्चं ओतकाम पाहायला मिळेल अशी अट घाला आणि तोवर पैशांचा मोठा हिस्सा हातचा राखून ठेवा. चांगला कारागीर या अटींना नाही म्हणत नाही. मोडक्या स्टँडची चौफुली शेवटी ज्याने लेथवर नवीन करून दिली, त्याने स्वतःहून कच्चं काम दाखवायला बोलावलं होतं.

आमचा मूळ स्टँड अजून कुठेतरी आहे, बहुधा विकला गेला असेल किंवा विकायला ठेवलेला असेल. काळ्या रंगाचा, बोस ९०१ चा. बुडाच्या कडेला सुपारीएवढ्या जागेवरचा रंग उडून गंज धरलेला आहे. चौफुलीच्या एका भोकाचा आकार घासून लंबगोल झालाय, बाबांनी तिथे पितळी वॉशर बसवला होता. बुडाच्या आतल्या बाजूला कुवेतच्या दुकानाच्या अरबी स्टिकरचा अर्धा तुकडा चिकटलेला होता. असा एकटा, बिनजोडीचा स्टँड तुमच्यापुढे विक्रीला आला तर विकणाऱ्याला त्याचा जोडीदार कुठे आहे ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर फोटो काढून ठेवा.