समालोचन कोणाचे ऐकावे : माजी व्यवस्थापकांचे की माजी गोलरक्षकांचे?

भुसावळात आम्ही मित्र हॉकीचे सामने एकत्र पाहतो, तेव्हा हिंदी समालोचन लावावे की इंग्रजी, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो. हिंदीत जे माजी संघव्यवस्थापक बोलतात, त्यांच्या कार्यकाळात संघ सतत हरत गेला आणि त्या पराभवांचा हिशेब त्यांनी कधीच दिला नाही. तेच आज विशीतल्या खेळाडूंच्या निवडीवर निकाल देतात, हे मला खरोखर सहन होत नाही. निवडप्रक्रियेची आतली माहिती त्यांच्याकडे अधिक आहे हे मान्य, परंतु तिच्याबद्दल ते बोलतच नाहीत.

इंग्रजीत एक माजी गोलरक्षक आहेत. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीमुळे आक्रमक संघाला मिळणाऱ्या गोलच्या संधीच्या वेळी, गोलरेषेमागे गोलरक्षकासह पाचच बचावपटू असतात आणि चेंडू गोलसमोरच्या वर्तुळाबाहेर जाऊन आल्याशिवाय गोल ग्राह्य धरला जात नाही. हे सारे क्षणार्धात घडते; तेवढ्या अल्प वेळात पहिला बचावपटू कोणत्या कोनातून धावला, हे ते नेमके दाखवतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध भारताची ५-४ अशी आघाडी असताना अखेरच्या सेकंदांत आपला गोलरक्षक श्रीजेशने अडवलेला पेनल्टी कॉर्नर मला त्यांच्यामुळेच पुरता उमगला. आमच्यापैकी काहींना इंग्रजी जड जाते, तरीही आम्ही तेच लावतो.