रात्री साडेआठला विचारणारी खानावळ

गोव्यातल्या डिचोलीच्या बसस्थानकापासून पायी पाच मिनिटांवर ही खानावळ आहे. दारावर पाटी नाही, मोबाईलच्या नकाशावर मात्र खूण सापडते. खाणीच्या ट्रकमालकांचे हिशेब लिहिण्यात माझी उमर गेली, त्यामुळे ताटात काय आले याबरोबर ते ताट घरच्यांना कितीला पडले, हेही मी बघतो.

आधी जेवण. परवा बांगड्याची उडदामेथी होती. मेथी क्षणभर जास्त भाजली गेली की सगळे हुमण, म्हणजे माशाची आमटी, कडू होते. इथे ती नेमकी भाजलेली असते आणि भिंडाच्या (कोकमाच्या) सोलांचा आंबटपणा मागून येतो. उकड्या तांदळाचा भात, चवळीचे तोंडाक (रस्साभाजी), सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर (खोबरे घातलेली कोरडी कोशिंबीर), सोलकढी. थाळी १६० रुपये, रवा लावून तळलेला बांगडा हवा तर ६० वेगळे. सोलकढी त्याच दिवशी काढलेल्या नारळाच्या रसाची असते, पहिल्या घोटाला कळते.

२०१२च्या सप्टेंबरपर्यंत ही खानावळ ट्रकवाल्यांची होती. बंदी येऊन लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि ऐंशी थाळ्यांच्या पंचवीस झाल्या. त्या वर्षी खानावळ चालवणाऱ्या वहिनींनी कामाच्या दोन बायकांना घरी पाठवले, ते मी पाहिले आहे. एकीचा नवरा आमच्याच ट्रकवर होता. मग हळूहळू औद्योगिक वसाहतीतले कामगार, बँकेतले लोक, शिक्षक येऊ लागले. पण हे गिऱ्हाईक ट्रकवाल्यांसारखे नव्हे. ट्रकवाला रोज जेवायचा. बँकेतला माणूस सोमवारी मासे खात नाही, गुरुवारी कधी खातो कधी नाही, आणि श्रावणात तर महिनाभर शाकाहार. किती रांधायचे हेच कळेना. दुपारी अडीचला दहा-बारा माणसांचे हुमण उरलेले असायचे, आणि हुमण काही दुसऱ्या दिवशी वाढता येत नाही.

त्याच सुमारास घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन वहिनींना अ‍ॅपवर घालून गेला. त्यांनी मला करार वाचायला दिला. शंभराला पंचवीस कमिशन, म्हणजे १६०च्या थाळीला ४०. वहिनींना थाळीमागे सुटतात सगळा खर्च जाऊन ३५. मी तेव्हाच म्हटले, हा धंदा नाही, हे तर प्रत्येक थाळीला पाच रुपये पदरचे घालणे. शिवाय जेवणारा कोण, त्याचा नंबर काय, हे खानावळीला कळतच नव्हते. गिऱ्हाईक कंपनीचे, चूल मात्र वहिनींची. दोन महिन्यांनी त्या बाहेर पडल्या.

पुढे त्यांनी जे केले, त्यासाठी मी हे लिहितो आहे. त्यांनी येणाऱ्यांचे नंबर घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. आज त्यात १९० जण आहेत. रोज रात्री साडेआठला त्या तिथे एक पोल टाकतात: उद्या मासे, उद्या शाकाहारी, उद्या नाही. पहाटे बाजाराला निघण्यापूर्वी आकडा हातात असतो. सत्तर हात वर असले तर पंचाहत्तर माणसांचे रांधतात. बाजारात मासळी महाग असली तर तिथूनच फोटोसह कळवतात की आज इसवण (सुरमई) नाही, बांगडा आहे. सकाळी दहापर्यंत नाव मागे घेता येते. न सांगता दोनदा चुकवले तर पुढच्या वेळी पैसे आगाऊ. पैसे यूपीआयवर, आणि २०२० पासून खात्यातून होणाऱ्या अशा व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क नाही, म्हणजे १६०चे १६० हातात येतात.

हिशेब सांगतो. थाळीचा कच्चा माल ९० रुपयांचा. एक थाळी उरली की अडीच थाळ्यांची कमाई गेली. दिवसाला दहा थाळ्या उरत होत्या, म्हणजे रोज पंचवीस थाळ्यांची कमाई पाण्यात. आता क्वचित दोन-तीन उरतात. पोल सुरू झाल्यापासून गिऱ्हाईक फारसे वाढलेले नाही, भावही चढवलेला नाही, तरी दुसरी बाई परत कामावर आली. मोबाईल आल्यापासून जो तो जाहिरातीच्या मागे आहे. वहिनी मोबाईलवर काही ओरडून सांगत नाहीत, विचारतात. हे मला फार मोठे वाटते.

जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा पोलमध्ये चौथा पर्याय येतो: सुकी मासळी. उन्हाळ्यात किती सुकी सुंगटे आणि खारे बांगडे भरून ठेवायचे, हे त्या गेल्या पावसातले पोल मागे जाऊन मोजतात. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी आमच्या आया अंदाजाने करायच्या. इथे ती मोजून होते.

उणिवाही आहेत. सगळा कारभार एका फोनवर. गेल्या पावसात तो भिजला आणि दोन दिवस कोणालाच काही कळले नाही. मी वही ठेवायला सांगितले. आता कॅलेंडरच्या पाठीमागे आकडे लिहितात, ते पुरेसे नाही. नकाशावरचे फोटो जुने आहेत, त्यांत थाळी १२० दिसते, आणि त्यावरून दारात वाद झालेला मी ऐकला आहे. हे एका दुपारचे काम आहे, ते करायला हवे.

मये तलाव बघून दीड वाजता आलेल्या परक्या माणसाला बऱ्याचदा मासे मिळत नाहीत. त्या पाच जादा थाळ्यांतल्या दोन वहिनी जुन्या ट्रकवाल्यांसाठी बाजूला ठेवतात, ज्यांच्याकडे साधा फोन आहे. मी म्हटले, आठ ठेवा, पर्यटकही जेवतील. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, आठ ठेवल्या की दहा होतात. दहाचं काय झालं ते तुम्हीच लिहून दिलं होतं.’’ तरी शनिवार-रविवारी दोन-तीन वाढवाव्यात, असे माझे मत आहे.

जायचे असेल तर साडेबारापूर्वी जा, किंवा आदल्या दिवशी फोन करून नाव घाला. त्यासाठी ग्रुपमध्ये असावे लागत नाही. किसमूर एकदाच वाढतात. आवडली तर मागा, देतात.