पहिली शिफारस कोणाची: ‘डायमंड डे’ की ‘पॅरललोग्राम्स’?

साठच्या दशकाच्या अखेरीचे फोक संगीत ज्याला मनापासून आवडते, त्यातली मोठी नावे ज्याची ऐकून झाली आहेत आणि आता फारसे कुणी न ऐकलेले काहीतरी ज्याला हवे आहे, अशा श्रोत्याला एकच अल्बम सुचवायचा म्हटले की दोन नावे हटकून पुढे येतात: इंग्लंडच्या व्हॅश्टी बनियन यांचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’ आणि अमेरिकेच्या लिंडा परहॅक्स यांचा ‘पॅरललोग्राम्स’. दोन्ही १९७० सालचे. दोन्ही खपले नाहीत, त्यानंतर दोघींनीही ध्वनिमुद्रणाकडे पाठ फिरवली, दोन्ही अल्बम शतक बदलण्याच्या सुमारास पुन्हा निघाले, आणि दोघींचा दुसरा अल्बम यायला अनुक्रमे २००५ आणि २०१४ साल उजाडावे लागले. कहाण्या इतक्या सारख्या असल्यामुळे ‘दोन्हींपैकी कोणताही द्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण कानाला हे दोन अल्बम मुळीच सारखे लागत नाहीत.

आधी ‘डायमंड डे’ची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. निर्माते जो बॉइड, साथीला फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडचे सायमन निकोल आणि डेव्ह स्वारब्रिक, शिवाय इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड या स्कॉटिश फोक बँडचे रॉबिन विल्यमसन. काही गाण्यांचे वाद्यसंयोजन रॉबर्ट कर्बी यांचे, म्हणजे इंग्लिश गायक निक ड्रेक यांच्या गाण्यांमागे ज्यांची तंतुवाद्ये ऐकू येतात त्यांचेच. एवढे नाणावलेले वादक जमूनही कुणी पुढे पुढे करत नाही, हे या अल्बमचे खरे कौशल्य आहे. बनियन यांचा आवाज कुजबुजीच्या थोडा वर राहतो, त्यात ना कंप आहे ना कुठे जोर, आणि मागची वाद्ये त्या आवाजापेक्षा एक पायरी खालीच थांबतात. चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आसपास संपतात आणि कुठेही खडा लागत नाही. ‘लिली पाँड’ला चक्क ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल आहे, ती काहींना गोड वाटते आणि काहींना जरा जास्तच गोड, मी दुसऱ्या गटातला आहे, पण तेवढ्यावरून कुणी अल्बम नाकारू नये.

माझी अडचण वेगळीच आहे, आणि निवडीच्या वेळी तीच निर्णायक ठरली. या अल्बमच्या आधी त्याची गोष्ट पोहोचते. बनियन आणि त्यांचा साथीदार १९६८ साली लंडन सोडून घोडागाडीने उत्तरेला निघाले. डोनोव्हन या गायकाने स्कॉटलंडच्या स्काय बेटाच्या परिसरात कलावंतांची वसाहत करायचे योजले होते, तिथे पोहोचायचे होते. पण हे दोघे पोहोचेपर्यंत ती मंडळी पांगली होती. वाटेत सुचलेली गाणी म्हणजे हा अल्बम. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, आणि नेमकी म्हणूनच घातक आहे. ज्याला अल्बम द्यावा तो परत येतो तो घोडीबद्दल बोलत. ती रोज किती चालत असेल, थंडीत ही माणसे कुठे झोपत असतील, आपणही एकदा नोकरी सोडून असे निघायला हवे, अशी चर्चा रंगते आणि त्यात कर्बी यांच्या तंतुवाद्यांचे नावही निघत नाही. गोष्ट न सांगता नुसता अल्बम द्यावा, हा उपाय मी करून पाहिला आहे. त्याचा उपयोग होत नाही, कारण घोडीचे नाव बेस आणि एका गाण्याचे नावच ‘जॉग अलाँग बेस’; कुतूहल चाळवलेला श्रोता ही बेस कोण हे शोधून काढतोच, आणि तिथून पुढे त्याच्यासाठी प्रत्येक गाणे हे प्रवासवर्णन होऊन बसते. वास्तविक यातला बराच भाग प्रवासाची रोजनिशी नाहीच. ‘विंडो ओव्हर द बे’ मधले घर हे मिळालेले घर नव्हे, हवेसे वाटणारे घर आहे. ही इच्छेची गाणी आहेत, आणि इच्छा व घडलेली हकिकत यांतला फरक त्या आवाजातच ऐकू येतो. पण घोडागाडीच्या नादी लागलेल्या कानाला तो कळणे अवघड जाते. यात अल्बमचा काय दोष, असे कुणी विचारले तर माझ्याकडे समर्पक उत्तर नाही. दोष नसेलही. मात्र शिफारस करणाऱ्याची अपेक्षा एवढीच असते की समोरच्याने संगीत ऐकावे, आणि ती अपेक्षा इथे वारंवार फसते.

परहॅक्स यांची गोष्ट एका वाक्यात आटोपते. त्या बेव्हर्ली हिल्समधल्या एका दंतवैद्याकडे दातांच्या स्वच्छतेचे काम करत असत, तिथे येणाऱ्या रुग्णांपैकी लेनर्ड रोझेनमन हे चित्रपट-संगीतकार होते, आणि त्यांनी गाणी ऐकून अल्बमची निर्मिती केली. या गोष्टीत ऐकणाऱ्याला स्वप्न बघायला जागा नाही, त्यामुळे तो निमूटपणे गाण्यांकडे वळतो.

आणि गाण्यांमध्ये त्याला पुरेल असे बरेच आहे. पहिले गाणे ‘चिमॅकम रेन’ पावसाचे आहे, पण पावसाचा आवाज काढण्याचा सोपा मार्ग त्यात घेतलेला नाही; परहॅक्स यांचाच आवाज थरांवर थर चढवून ध्वनिमुद्रित केला आहे आणि ते थर एकमेकांपासून किंचित निसटत राहतात, त्यातून ओलसरपणाचा भास होतो. खरी कसोटी पाच गाण्यांनंतर येणाऱ्या शीर्षकगीताची आहे. ही रचना परहॅक्स यांनी रूढ स्वरलिपीत न मांडता कागदावर आकृतीसारखी काढली होती, आणि ऐकताना ते सहज पटते. सुरुवातीला गिटारची एक फिरती आकृती, तिच्यावर भूमितीतले शब्द एकामागून एक आवाजांतून उमटत जातात, एक आवाज संपायच्या आत दुसरा त्याला धरतो. मग अर्ध्या वाटेत गिटार नाहीशी होते. उरतात प्रतिध्वनीत विरघळलेले आवाज, काही किणकिणणारे नाद आणि लयीचा पूर्ण अभाव. काही काळ आपण गाणे ऐकत आहोत की काय, याचीच शंका येते. त्यानंतर तीच गिटार जणू मध्ये काही झालेच नाही अशी परत येते. हे सगळे पाच मिनिटांच्या आत घडते. ज्यांना मी हा अल्बम ऐकवला, त्यांतल्या बहुतेकांनी या मधल्या भागात बोलणे थांबवले; काहींनी नापसंतीही दाखवली, पण सर्वांचा प्रश्न एकच होता, की इथे नेमके काय झाले. हा प्रश्न संगीताबद्दलचा आहे, आणि माझ्या लेखी पारडे तिथेच झुकले.

‘पॅरललोग्राम्स’ निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. ‘पेपर माउंटन मॅन’ हे ब्लूजच्या अंगाने जाणारे गाणे दुसऱ्याच क्रमांकावर येऊन पहिल्याने जमवलेले वातावरण मोडते. श्रीमंती लग्नाची खिल्ली उडवणारे ‘पोर्सेलिन बेक्ड-ओव्हर कास्ट-आयर्न वेडिंग’ हे स्वतंत्रपणे बरे असले तरी शेवटाकडे उपरे वाटते. डॉल्फिन, नद्या, चंद्र यांचा सुकाळ त्या काळाची आठवण करून देतो, आणि ती प्रत्येकाला हवीच असेल असे नाही. एकसंधपणा हाच निकष मानणाऱ्याने खुशाल ‘डायमंड डे’ घ्यावा. ज्याला अल्बमइतकीच त्याची कहाणीही प्रिय असते, त्यालाही तोच जास्त समाधान देईल, आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही.

‘पॅरललोग्राम्स’ घेताना एक गोष्ट मात्र जरूर पाहावी. १९७० ची मूळ तबकडी इतकी दबकी आणि वरचे सूर कापलेली निघाली होती की खुद्द परहॅक्स यांनी आपली प्रत टाकून दिली. १९९८ साली निघालेली पहिली पुनरावृत्तीही मूळ टेपा हाती नसल्यामुळे तबकडीवरूनच केलेली होती. पुढे परहॅक्स यांचा शोध लागला, त्यांनी जपून ठेवलेल्या टेपा मिळाल्या, आणि त्यांवरून काढलेल्या आवृत्त्यांमध्ये हा अल्बम प्रथमच त्यांच्या मनासारखा ऐकू आला. हातात आलेली आवृत्ती कोणती, हे वेष्टनावरून कळले नाही तर ‘चिमॅकम रेन’चा उत्तरार्ध लावून पाहावा. थर सुटे सुटे ऐकू आले तर पुढे जायला हरकत नाही. ते एकमेकांत मिसळून नुसता धूसर आवाज येत असेल, तर ती आवृत्ती बाजूला ठेवून दुसरी शोधावी, कारण त्या अवस्थेत ऐकलेल्या ‘पॅरललोग्राम्स’पेक्षा ‘डायमंड डे’ निश्चितच उजवा ठरेल.